धाकटीनं आता निघावं

"नाही रे, माझं मत पक्कं झालंय. धाकटीनं आता निघावं."

माझे मोठे दीर बाल्कनीत उभे राहून फोनवर हे बोलले, तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. आणि त्या घरातली धाकटी मीच.

शनिवारची सकाळ होती. साल २०१५. सिंगापुरात बुओना व्हिस्टाला दिरांचा कॉन्डो फ्लॅट, त्यात आम्ही दोन भाऊ, दोन जावा आणि माझी आठ वर्षांची मुलगी. दिरांचा मुलगा शिकायला परदेशी गेलेला, त्याच्या खोलीत आम्ही तिघं राहत होतो. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामध्ये एक सरकती काच होती. ती पूर्ण लागत नसे. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणत वर्ष गेलं होतं, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अरे, किती दिवस?" दीर म्हणत होते. "सगळ्यांनी मिळून भरायचं आणि हिनं पुन्हा हात पसरायचे. थोरली आता काही सोडायची नाही. तिचा जीव तुटतो एकेक पैसा देताना, आणि बरोबरच आहे तिचं... शिस्त नाही, दुसरं काय. मिळकत एवढीशी आणि राहणी थोरलीसारखी... हो ना, हाल होतील, वर्षभर तरी होतील. पण स्वतःची चूल असली तर स्वस्तात विकून का होईना, उभी राहील. इथं राहून थोरलीच्याच भावानं विकावं लागतं, कोण घेणार?... उद्या कळेलच. घरची माणसं काय कौल देतात बघू. सोमवारपासून तिला दमडी मिळणार नाही असं धरूनच चाल."

तव्यावरची पोळी जळली. मी आधी गॅस बंद केला आणि मग तशीच उभी राहिले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती, जळकी पोळीही तव्यावर होती तिथंच होती. हा माणूस कधी आवाज चढवून बोललेला मी ऐकला नव्हता. माझ्या मुलीला बुद्धिबळ शिकवणारा, मला 'तू दमलीस, बस' म्हणणारा माणूस. आणि तो परक्या कुणालातरी सांगत होता की हिला सोमवारपासून दमडी द्यायची नाही.

संशयाला जागाच नव्हती, कारण त्यातलं एकेक वाक्य माझ्या अंगाला बेतून शिवल्यासारखं होतं. ते का, हे सांगायला हवं.

माझ्या नवऱ्यानं एका मित्राबरोबर ट्यूशन सेंटर काढलं होतं. ते बुडालं, मित्र दुबईला निघून गेला आणि कर्ज आमच्या गळ्यात पडलं. दिरांनी ते भरून टाकलं. दीर तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत बड्या हुद्द्यावर, त्यांना ते शक्य होतं. मोबदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. फक्त म्हणाले, जुरोंग ईस्टचं भाडं कशाला भरता, इथं या, आणि एका घरात दोन पाकिटं नकोत. तेव्हापासून दोघा भावांचे पगार एकाच खात्यात जात. नवऱ्याची नवी नोकरी पगारानं बेताचीच, त्यामुळे आमची बाजू कायम खाली. कार्ड जाऊबाईंकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणं झाली की टेबल पुसून चौघं हिशेबाला बसत.

मी घरी पोळ्या करून विकत असे. आसपास वन-नॉर्थ भागातल्या कंपन्यांतून पुण्या-मुंबईची सडी मुलं पुष्कळ, पोळीसाठी जीव टाकणारी. त्याचे पैसेही सामाईक खात्यातच जमा होत. मला भाव कमी करायचा होता, म्हणजे गिऱ्हाईक वाढलं असतं. जाऊबाई म्हणत, "पिठाला, तुपाला काय पडतं बघ की. या भावाखाली विकायचं तर कशाला?"

हा 'कशाला' त्यांचा ठेवणीतला शब्द. मुलीचा पोहण्याचा क्लास? कशाला, खाली पूल आहे. टॅक्सी? कशाला, एमआरटीची मेट्रो आहे. नवी चप्पल? कशाला, त्या दिवशी तर घेतली. आवाज शांत, डोळे हातातल्या कामावर. मी वर्षभर त्या शब्दाला टेकीला आले होते. तेव्हा 'थोरलीचा जीव तुटतो' हे ऐकल्यावर मला थोरली कोण, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पोळ्या डब्यात भरल्या, हात धुतले आणि नवऱ्याला म्हटलं, खाली चल.

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर, दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसलो. मी सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की हा उठेल, टेबलावर मूठ आपटेल, निदान 'दादा असं म्हणाला?' एवढं तरी म्हणेल. तो कपातला चमचा फिरवत राहिला.

"दादा म्हणत असेल तर बरोबरच असेल," तो म्हणाला.

"काय बरोबर?"

"आपण भार आहोतच ना त्यांच्यावर."

सकाळपासूनचा हा दुसरा धक्का, आणि पहिल्यापेक्षा मोठा. दिरांनी मला घराबाहेर काढायचं ठरवलं होतं, पण हा तर केव्हाच मनानं बाहेर जाऊन उभा राहिला होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला. राग माझ्याकडे लवकर येतो आणि आला की पाय चालायला लागतात.

"ठीक आहे," मी म्हटलं. "त्यांनी काढायच्या आत आपण निघू. उद्या हिशेबाच्या वेळी मीच सांगते."

"आणि डिपॉझिट कुठून आणणार?"

खरंच की. मिळवत दोघं होतो, पण माझ्या पर्समध्ये एमआरटीचं कार्ड आणि थोडी चिल्लर, बस. निघायचं म्हटलं तरी निघायला लागतात ते पैसे मला जाऊबाईंकडेच मागावे लागणार होते, आणि त्या विचारणार होत्या, कशाला? इतकी वर्षं शिकले, नोकरी केली, संसार केला, आणि चाळिशीच्या बाईच्या हातात तिचं स्वतःचं म्हणावं असं एक नाणं नाही. हे मला त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा कळलं. मी हबकून गेले. कोपी तशीच राहिली.

मग मला पुण्यातल्या मेसची आठवण झाली. माझ्या मामींची खानावळ होती. महिन्याच्या सुरुवातीला विद्यार्थी पैसे भरून कुपनांचं पुस्तक घेत आणि रोज एक कुपन फाडून जेवत. जेवण अजून शिजायचं असे, पण पैसे मामींच्या कनवटीला आधीच आलेले. मामी म्हणायच्या, पोरं पैशाला भुकेली नसतात, पोटाला असतात.

घरी येऊन मी रद्दीतली कॉर्नफ्लेक्सची रिकामी खोकी घेतली आणि खोलीचं दार लावून कात्रीनं त्यांचे चौकोन कापले. प्रत्येकावर मार्करनं 'एक पोळी' लिहिलं, खाली माझी लफ्फेदार सही. मुलगी बघत होती.

"ममा, दिस इज मनी, आ?" तिनं शाळेतल्या सिंगापुरी हेलात विचारलं.

"पोळी आहे," मी म्हटलं.

दुपारी नेहमीप्रमाणे स्टेशनच्या गेटापाशी मुलांना डबे द्यायला गेले आणि सांगितलं, आजपासून खात्यात पैसे टाकायचे नाहीत. महिनाभराची कुपनं एकदम घ्यायची, पैसे रोख द्यायचे, आणि भाव पूर्वीपेक्षा कमी. मला वाटलं होतं हसतील. हसले खरे, पण पाकिटंही काढली. एकानं कुपन उलटंपालटं करून पाहिलं. मागच्या बाजूला कोंबड्याचा अर्धा तुरा छापलेला.

"काकू, उद्या तुम्ही बुडालात तर?"

"बुडाले तर कुपन चावून खा. पुठ्ठा आहे, पोट भरेल."

माझ्या दोन्ही मुठी नोटांनी भरल्या तेव्हा मला आनंद झाला नाही, धडकी भरली. खोक्याचा पुठ्ठा, त्यावर माझी सही, आणि शहाणीसुरती इंजिनियर माणसं त्याचे पैसे मोजतात! त्यांना माझ्या पुठ्ठ्यावर भरवसा नव्हता, उद्या मी पोळी लाटणार यावर होता.

संध्याकाळी जुरोंग ईस्टला एक खोली पाहिली. एका चिनी आजींचा जुना फ्लॅट, त्या एकट्याच राहत. सिंगापुरात भाड्याच्या खोलीची जाहिरात वाचताना आपण आधी शोधतो ते दोन शब्द, स्वयंपाक चालेल की नाही. आजी म्हणाल्या, "कुकिंग कॅन, ला. बट नो टू मच स्मेल, ओके?" मी तिथंच डिपॉझिट दिलं. नवरा दारात हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत चुकीचा पेपर हातात पडल्याचा भाव होता.

रविवारी जेवणं झाली. टेबल पुसलं. दिरांनी लॅपटॉप उघडला, जाऊबाईंनी चष्मा लावला, आणि मी म्हटलं, "दादा, आधी माझं ऐका. आम्ही निघतोय. खोली बघितलीय, डिपॉझिट भरलंय."

जाऊबाईंच्या हातून फडकं पडलं.

"डिपॉझिट? कुठून भरलंस?" दीर म्हणाले. त्यातही आधी हाच प्रश्न, बँकेतला माणूस!

मी उरलेली कुपनं टेबलावर ठेवली. "हे माझे पैसे."

दिरांनी एक कुपन उचललं, वाचलं, मागचा कोंबडा पाहिला. त्यांचे डोळे मोठे झाले. "तू... तू स्वतःचं चलन काढलंस?"

"कापलं. कात्रीनं."

"अरे देवा! हेच तर मी आठवडाभर ऑफिसात बोंबलून सांगतोय! नोटा संपल्या की धाकटी शेवटी उधारीच्या चिठ्ठ्याच काढणार!"

"धाकटी इथं समोर बसलीय, दादा. तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्याशी बोला. बाल्कनीत कशाला?"

ते माझ्याकडे पाहत राहिले, मग बाल्कनीकडे, मग त्या न लागणाऱ्या काचेकडे. आणि मग हसायला लागले. असे हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. मला वाटलं या माणसाला वेड लागलं.

"अगं, तू नव्हेस! धाकटी म्हणजे ग्रीस!"

सगळा उलगडा झाला तो असा. युरोपातल्या पुष्कळ देशांनी मिळून एकच चलन केलेलं, युरो. ग्रीस त्यातला कर्जात बुडालेला देश. जर्मनीसारखे सधन देश आणि इतर सावकार त्याला पैसे देत, पण अटी घालून, हे कापा, ते बंद करा. त्या अटी मान्य आहेत का, यावर ग्रीसचे लोक नेमके त्याच रविवारी मतदान करणार होते. तिथल्या बँकांना टाळं लागलं होतं, लोकांना रोज ठरावीकच रोकड मिळे. ग्रीसनं युरोतून बाहेर पडावं की नाही, यावर दिरांना बँकेत आपलं मत द्यायचं होतं. आता असल्या गोष्टी चारचौघांत बोलता येत नाहीत, आणि तांजोंग पगारच्या एमआरटीत उभा असलेला प्रत्येक दुसरा माणूस कुठल्या ना कुठल्या बँकेतला. म्हणून दीर आणि त्यांचा एक पुणेकर सहकारी मराठीत बोलत आणि देशांची नावं घेत नसत. जर्मनी ती थोरली. ग्रीस ती धाकटी. युरो म्हणजे सामाईक चूल.

नवरा हसायला लागला. सुटल्यासारखा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "मी म्हणत नव्हतो, दादा असं बोलणार नाही!" म्हणाला. म्हणे म्हणत नव्हतो! मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू अर्ध्यात थांबलं.

"म्हणजे मी जर्मनी?" जाऊबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

"अगं, तू नव्हे, थोरली..." दीर बोलता बोलता अडले.

मलाही हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात कालची वाक्यं परत एकेक करून येत होती.

"दादा, एक सांगा. थोरलीच्याच भावानं विकावं लागतं, हे ग्रीसबद्दल कुठून सुचलं तुम्हाला? मिळकत एवढीशी आणि राहणी थोरलीसारखी, हे? एकेक पैसा देताना जीव तुटतो, हे?"

दिरांनी कुपन खाली ठेवलं. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो, हेच तर दुखणं. ते म्हणाले, "उदाहरण समोरच होतं ना."

त्यांनी मला बाहेर काढायचं ठरवलं नव्हतं, हे खरं. पण अख्खा ग्रीस समजून घ्यायला त्यांना माझ्याकडे बघणं पुरेसं झालं होतं, हेही खरंच. आदल्या दिवशी माझा गैरसमज झाला तेव्हा मी चिडले होते. आता गैरसमज दूर झाला आणि मला रडू आलं.

"बरं, मग तिनं निघावंच असं वाटतं तुम्हाला?" मी डोळे पुसून विचारलं. "तुमच्या त्या धाकटीनं?"

"वाटतं." ते हळूहळू बोलायला लागले, बोलता बोलता त्यांना धीर आला. सामाईक चलनात राहून तिला आपल्या मालाचा भाव आपल्या हातानं उतरवता येत नाही. स्वतःचं चलन असेल तर ते घसरेल, लोकांची शिल्लक आटेल, परदेशी औषधं महागतील, फार हाल होतील. पण माल स्वस्त होईल, गिऱ्हाईक येईल, आणि मग ती सावरेल. आत राहिली तर नुसतंच पोट आवळत बसावं लागेल, आणि पोट आवळून कर्ज फिटत नाही, मिळकतच आटते.

"निघू नये," जाऊबाई एकदम म्हणाल्या. आम्ही सगळे वळून पाहायला लागलो. हिशेबात त्या आकडे सांगत, मत देत नसत. "निघालेली बाई परत येते तेव्हा पाहुणी असते. आणि एक निघाली की बाकीच्या मनातल्या मनात बॅगा भरायला लागतात. ऋण काढून सण केला असेल तिनं, पण तेव्हा उसने देणारे कुठं डोळे मिटून बसले होते? घरोघरी मातीच्या चुली. तिला बसवा आणि नीट बोला तिच्याशी."

एवढं बोलून त्या फडकं उचलून आत गेल्या. त्या दिवशी हिशेब झालाच नाही.

नवऱ्याच्या दृष्टीनं विषय मिटला होता. गैरसमज झाला, सगळे हसले, आता कुठं जायचं? डिपॉझिट गेलं तर जाऊ दे, असं दीरही म्हणाले. माझं ठरेना. रागाच्या भरात निघणं सोपं असतं. राग उतरल्यावर निघायला कारण लागतं, आणि माझं कारण तर हशात उडून गेलं होतं. खोली महिन्याच्या मध्यापासून मिळणार होती. तोवर काय ते ठरवायचं होतं. मी सकाळी पोळ्या लाटी, दुपारी कुपनं गोळा करी, आणि येता-जाता दिवाणखान्यातल्या टीव्हीवर ग्रीस बघे. इतकी वर्षं बातम्या लागल्या की उठून जाणारी मी, तो आठवडा खिळून बसले.

सोमवारी सकाळी उठलो तो निकाल आलेला. ग्रीसच्या लोकांनी सावकारांच्या अटींना नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तेही ठणकावून. चौकात नाचत होते. दीर टाय बांधता बांधता म्हणाले, "झालं. धाकटी निघाली." तांजोंग पगारला जाताना त्यांची पावलं हलकी पडत होती.

आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी ते घरी आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले. मी पाणी दिलं. ते ग्लास हातात धरून बसून राहिले.

"राहिली," ते म्हणाले. "धाकटी राहिली."

"म्हणजे?"

"नाकारल्या त्याहून कडक अटी मान्य केल्या. सही करतो म्हणाले. रात्रभर बसवून ठेवलं होतं त्यांना. मला कळतच नाही. घरच्यांनी कौल दिलेला होता. निघायचं ठरलेलं होतं. मग राहिली का?"

इतकं थक्क झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र कळलं होतं. निदान मला तसं वाटलं. हॉकर सेंटरच्या खुर्चीवर बसलेली मी मला दिसली, पर्समध्ये चिल्लर घेऊन. नाही म्हणायला तोंड पुरतं. निघायला आपलं काहीतरी हातात लागतं. तिच्या बँका बंद होत्या, औषधं बाहेरून यायची होती, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात द्यायला तिच्याजवळ स्वतःचं नाणं नव्हतं.

"तिनं कुपनं कापली नव्हती, दादा," मी म्हटलं. "मी कापलीत."

दिरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना अर्थ कळला असावा. ते वाकून बूट काढायला लागले.

त्याच आठवड्यात आम्ही निघालो. त्याआधी नवरा आपणहून पुढं होऊन भावाला म्हणाला की तुझं देणं दरमहा पगारातून देईन, पण पगार माझ्या हातात येऊ दे. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. दीर म्हणाले, "दे रे सावकाश." भांडण झालं नाही. कुणी कुणाला टोचून बोललं नाही. पण बॅगा दाराशी लागल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले, माझाही.

मी शेवटचे डबे बांधत होते तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं. मला वाटलं पिठाचा डबा ठेवून जा म्हणतील.

"मला एक पुस्तक दे तुझ्या त्या कुपनांचं," त्या म्हणाल्या. "पैसे मागाहून देईन."

मला वाटलं थट्टा करताहेत. मीही थट्टेवर गेले. "ताई, कार्ड तुमच्याकडे आणि उधारी माझ्याकडे? ही बरी जर्मनी!"

त्या हसल्या नाहीत. ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करत राहिल्या.

"कार्ड वापरलं की यांच्या फोनवर मेसेज जातो. कुठं, किती, सगळं. संध्याकाळी आले की विचारतात, हे कशाला? रागावून नव्हे, नुसतंच विचारतात, ऑफिसात विचारतात तसं. पण सांगावं लागतं ना. लग्नाआधी मी पुण्यात बँकेत होते, माहीत आहे ना तुला? कॅश काउंटरला. दिवसभर नोटा मोजायचे. इथं आल्यापासून जिच्याबद्दल 'कशाला' विचारलं नाही अशी एक नोट माझ्या हातात आली नाही."

मी तिथंच स्टुलावर बसले. वर्षभर मी ज्या शब्दाला टेकीला आले, मनातल्या मनात ज्या शब्दासाठी त्यांना काय काय म्हटलं, तो शब्द त्यांचा नव्हताच. तो संध्याकाळी त्यांना विचारला जायचा, म्हणून दिवसा त्या मला विचारून उत्तर तयार ठेवत होत्या. बाल्कनीतला फोन, नवऱ्याचं ते 'बरोबरच असेल', टेबलावरचं 'उदाहरण समोरच होतं', या सगळ्यांहून हे मला जास्त लागलं. ज्या बाईला मी थोरली समजत होते तिची चूल माझ्याएवढीही तिची नव्हती.

"आणि तुम्ही म्हणालात, निघू नये," मी कसंबसं म्हटलं.

"मी निघणारही नाही," त्या म्हणाल्या. "पण कुपनं दे."

मी दिली. पैसे नंतर, असं ठरलं. त्या घरातलं कर्ज डोक्यावर घेऊन दाराबाहेर पडताना मी पहिल्यांदा कुणालातरी उधार दिलं.

जुरोंग ईस्टला त्या दर बुधवारी यायला लागल्या. मधली थोडीशीच स्टेशनं, एमआरटीच्या कार्डाचा मेसेज जात नसे. पहिल्या बुधवारी आल्या त्या पदर खोचूनच. त्या दिवशी ऑर्डर मोठी होती. त्यांनी दुपारभर माझ्या बरोबरीनं पोळ्या लाटल्या. चिनी आजी दारात येऊन हुंगून गेल्या आणि एक पोळी साखर लावून घेऊन गेल्या. काम संपल्यावर जाऊबाईंनी लाटलेल्या पोळ्यांच्या मजुरीत मी त्यांची उधारी वळती करून घेतली आणि वर चार कुपनं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती परत परत मोजली. कॅश काउंटरवरच्या माणसासारखी, अंगठ्याला थुंकी लावून.

मग जेवायला बसलो. वरण-भात, भेंडीची भाजी, पोळ्या. मी वाढायला वाकले तर त्यांनी पर्स उघडली, एक कुपन काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय, ताई? घरच्या माणसानं कुपन कशाला?" तो शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी जीभ चावली.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "काहीतरी देऊन जेवायचंय मला."